जमाबंदी आणि कागदी बंदरे

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, इतिहास वाचताना मलिक अंबरच्या जमाबंदीपाशी आम्ही नेहमी थांबतो. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीच्या या वजिराने महसुलाची इजारेदारी मोडून जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची रीत घातली. तिच्या मुळाशी एक साधे गृहीत होते: उत्पन्न जेथे निघते, तेथेच ते डोळ्यांनी पाहता येते. हे गृहीत कसे मोडले, हे समजून घ्यायचे तर गोव्याच्या लोहखाणींकडे वळावे लागते.

खाणही शेतासारखीच अचल. कारखाना परदेशी हलवता येतो, डोंगर हलवता येत नाही. पण डोंगरावरची मालकी, त्यासाठी काढलेले कर्ज आणि खनिजाच्या विक्रीचा करार हे सारे कागद. ते कोठेही ठेवता येतात. खाणकंपनीने आपल्याच परदेशी उपकंपनीला माल स्वस्तात विकला आणि तिने तो बाजारभावाने पुढे विकला, तर जहाज मुरगावहून थेट चीनला जाते. नफा मात्र वाटेत, नाममात्र कर असलेल्या एखाद्या बेटावर उतरतो. उपकंपनीकडून चढ्या व्याजाने कर्ज घेतले, तरी परिणाम तोच.

मालकीचीही हीच कथा. सेसा गोवा ही कंपनी पोर्तुगीज अमदानीत, १९५४ साली इटालियन भांडवलावर उभी राहिली; पुढे ती जपानच्या मित्सुईकडे गेली. २००७ साली वेदांत समूहाने ती घेतली, तेव्हा तिचे ५१ टक्के भाग थेट विकले गेलेच नाहीत. विकली गेली ते भाग बाळगणारी इंग्लंडमधील एक कंपनी. आणि विकत घेणाऱ्या दोन कंपन्या होत्या सायप्रस व मॉरिशसच्या. खाणी गोव्यात, सौदा मात्र गोव्याबाहेरच्या कागदांचा. प्राप्तिकर खात्याने नोटीस काढली आणि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. असाच वाद असलेल्या व्होडाफोन खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी कायदा केला, आणि त्याचा पूर्वलक्षी भाग २०२१ साली मागे घेतला. तेव्हा याला सरसकट चोरी म्हणणे बरोबर नव्हे. कायद्याच्या दोन बांधांमध्ये राहिलेली ही वाट आहे; आणि खाण जितकी अचल, तितकी तिच्या मालकाला या वाटेची ओढ अधिक.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. इंग्रजीतील ‘हेवन’ म्हणजे बंदर, आसऱ्याची जागा. मराठीत लिहिताना त्याचा उच्चार स्वर्गवाचक शब्दाच्या इतका जवळ येतो, की ‘करस्वर्ग’, ‘नंदनवन’ अशी भाषांतरे सहज रूढ झाली. स्वर्ग म्हटले की पुण्याई आठवते; बंदर म्हटले असते, तर कोणाचा माल तेथे उतरला, असा प्रश्न तरी मनात आला असता.

शेताचा सारा एका हंगामात चुकला, तर पुढच्या हंगामात आकारता येतो. डोंगरातले खनिज मात्र एकदाच निघते. ज्या गावाच्या माथ्यावरचा डोंगर गेला, त्याच्या वाट्याला दुसरा हंगाम येत नाही.