खुरपे, डवरा आणि तणनाशक

शेतीचा इतिहास आपण बहुधा पेरणीचा आणि सुगीचा म्हणून वाचतो. निंदणाचा इतिहास त्यात क्वचितच येतो. वस्तुतः शेतकऱ्याच्या घरचे अपार श्रम, आणि तेही मुख्यतः स्त्रियांचे, तण काढण्यातच खर्ची पडत आले आहेत.

पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये बदलली, तरी शेताची भाषा शेजारच्या विदर्भाचीच राहिली. वखर, डवरा, निंदण हे शब्द दोहीकडे एकच. कपाशीच्या ओळींमधून बैलांचा डवरा चालतो. त्याची पास तण मुळाशी कापते आणि मातीही मोकळी करते. मात्र डवऱ्याला ओळ लागते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात त्याला वाट नाही. तेथे खुरपे घेऊन बसावेच लागते.

यंत्राने हा प्रश्न सुटेल, अशी आशा स्वातंत्र्यानंतर वाटू लागली. मध्य भारतातील विस्तीर्ण जमिनी काँस गवताने व्यापल्या होत्या. ती मोडण्यासाठी लागणाऱ्या ट्रॅक्टरांकरिता १९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खोल नांगरटीने काँसाची मुळे उपटता आली, कारण जमीन रिकामी होती. उभ्या पिकाच्या कुशीत वाढणारे तण ही निराळीच गोष्ट आहे.

बायबलातील दृष्टान्तात गव्हात निदण उगवते, तेव्हा मालक ते उपटू देत नाही. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, ही त्याची भीती. रसायनशास्त्रापुढे नेमकी हीच अडचण होती. पंजाबात १९३७ साली सोडियम आर्सेनाइट वापरून तण मारण्याचा प्रयत्न झाला. १९४६ मध्ये टू-फोर-डी या औषधाची भारतात चाचणी झाली. वनस्पतीच्या अंगच्या वाढीच्या द्रव्याची ते नक्कल करते. रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते आणि गवताच्या कुळातील गहू तगतो. परंतु वांगी, टोमॅटो आणि कपाशी ही स्वतःच रुंद पानांची! वाऱ्याने उडून आलेला फवाराही त्यांना बाधतो. गव्हाचा मित्र तो भाजीचा वैरी ठरला.

पुढे पेंडीमेथॅलीनसारखी औषधे आली. ती उगवत्या तणाचा कोंभ रोखतात. म्हणून कांद्यासारख्या पिकात लागवडीच्या सुमारास वापरता येतात. जबलपूरला १९८९ साली तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही उभे राहिले. तथापि वाढलेले तण या औषधाला दाद देत नाही, आणि लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. कांद्याची पात उभी आणि बारीक असल्याने ती जमिनीवर सावली धरत नाही. त्यामुळे फवारणीनंतरही एक खुरपणी करावी, असे शास्त्रच सांगते.

मग खुरपे टाकावे की फवारा? फवाऱ्याने बाईची कंबर वाचते, हे खरे. तिची मजुरी बुडते, हेही तितकेच खरे. शिवाय धोका फवारणाऱ्याच्या अंगावर येतो. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. म्हणून पीक कोणते, तण कोणते आणि त्याचे वय काय, हे पाहूनच साधन निवडले पाहिजे. दुकानदाराच्या फळीवर काय आहे, हे पाहून नव्हे.

तण दोन पानांवर असताना वाकणाऱ्याला थोडेच वाकावे लागते. ते बी धरीपर्यंत थांबणाऱ्याला पुढची कित्येक वर्षे वाकावे लागते. हा हिशेब खुरप्यालाही लागू आहे आणि औषधालाही.