दोन एक्स, निम्मा आवाज

आजचा गोलकृमी जेमतेम एक मिलिमीटरचा: सी. एलेगन्स. याच्यात मादी नाहीच. उभयलिंगी आणि नर. उभयलिंगीला दोन एक्स गुणसूत्रं, नराला एकच. मग उभयलिंगीत एक्सवरच्या जनुकांचं काम दुप्पट व्हायला हवं ना?

सस्तन माद्यांच्या पेशीत एक एक्स बंद होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं होतं. कृमी दोन्ही चालू ठेवतो, फक्त दोघांचा आवाज निम्म्यावर आणतो. यात बिघाड झाला की उभयलिंगी मरतात, किंवा बुटके, गोलमटोल होतात. म्हणून त्या जनुकांचं नाव ‘डंपी’.

१९९४ साली बार्बरा मायर यांच्या गटाने डीपीवाय-२७ हे प्रथिन ओळखलं. मला या इतिहासातला हाच क्षण सर्वांत आवडतो. ते निघालं पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं आवळणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं! बांधाबांध करणारा गडी इथे एक्सवर बसून जनुकांचं वाचन कमी करत होता.

२०१५ मध्ये दिसलं, की हा प्रथिनसंच एक्सची घडीही बदलतो. झालं, उत्तर सापडलं? छे! २०१९ मध्ये याच गटाने त्या घडीच्या सीमा पुसल्या. एक्सचा आवाज निम्माच राहिला. कृमींचं आयुष्य मात्र घटलं.