केनेट नदीचे मोजमाप

नदी मोजावयाची म्हणजे तिच्यातून किती पाणी वाहते एवढेच पाहावयाचे, अशी आपली समजूत असते. श्रोते हो, ती किती अपुरी आहे हे दक्षिण इंग्लंडातील केनेट नदीच्या कहाणीवरून कळून येते.

ही नदी विल्टशायर परगण्यात खडूच्या टेकड्यांमधून वाहते. हिवाळ्याचा पाऊस त्या सच्छिद्र खडकात मुरतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या वाटे नदीत उतरतो. म्हणून तिचे पाणी नितळ, उन्हाळ्यातही गार. ट्राउट माशाला असेच पाणी मानवते. परंतु ॲक्सफर्ड येथील पंप भूगर्भातले पाणी उपसून स्विंडन शहराला पुरवीत, आणि तेथे वापरलेले पाणी केनेटला परत न मिळता थेम्सच्या वरच्या खोऱ्यात जाई. नदी रोडावत होती. शहराची तहानही खरीच होती. मग उपसा किती कमी करावा?

याचे उत्तर शोधण्याची एक रीत अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात, कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे, सरकारी मत्स्य व वन्यजीव खात्याच्या शास्त्रज्ञांनी बसविली. नदीच्या पात्रावर आडव्या रेषा कल्पून ठिकठिकाणी खोली, वेग आणि तळ तपासावयाचा. मग मासा कोणत्या स्थितीत सुखाने राहील त्याला शून्यापासून एकापर्यंत गुण द्यावयाचे. अंडी घालण्यास स्वच्छ खडी लागते, पिलांना काठचे संथ, उथळ पाणी, तर मोठ्या माशांना खोल डोह. एकाच माशाची ही निरनिराळी बिऱ्हाडे! प्रवाह घटला तर त्यांतले कोणते किती उरेल, याचा अंदाज या गणितावरून येतो.

१९९६ मध्ये ॲक्सफर्डच्या उपशाबद्दल सार्वजनिक चौकशी सुरू झाली, तीत हे मोजमाप पुराव्यादाखल पुढे आले.

खडूच्या नद्यांत मात्र एक मोठी गोम आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांच्या पाणवेली पात्रात दाट माजतात व प्रवाहाला अडवून पाणी चढवितात. त्यामुळे प्रवाह तोच असूनही ऋतूप्रमाणे खोली आणि वेग पालटतात. वेलींना वगळून मांडलेला हिशेब फसतो. शिवाय भूजलाची चाल मंद. पंप आज थांबविला म्हणून नदी उद्या भरत नाही. एका उन्हाळ्याच्या आकड्यांवर उपशाचा परवाना ठरविणे मला तरी उतावीळपणाचे वाटते.

केनेटच्या बाबतीत अडचण उतावीळपणाची नव्हती. थेम्सचे पाणी साठविणाऱ्या फार्मूर जलाशयातून स्विंडनकडे नवी वाहिनी नेण्याचे काम २०१७ मध्ये पुरे झाले, आणि तेव्हा ॲक्सफर्डचा उपसा घटविण्याची वाट मोकळी झाली. चौकशीला तोवर वीस वर्षे उलटून गेली होती.