नेट चालू की बंद? ऑफिसातल्या एका भांडणाचा इतिहास

मंडळी, आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याच्या पाचच दिवस आधी, २६ एप्रिलला, सोमवारी, आशियातल्या अनेक देशांत ऑफिसं उघडली आणि कॉम्प्युटर सुरूच होईनात. भारतातही हा फटका बसला. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला हा व्हायरस. चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेला तो जागा व्हायचा, म्हणून नावही 'चेर्नोबिल' पडलं. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसायचा, आणि जमलं तर मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्येही कचरा लिहून ठेवायचा.

गंमत अशी की हा व्हायरस १९९८ पासूनच माहीत होता. ताजं अँटीव्हायरस असलेली मशीन वाचत होती. अडचण होती ती 'ताजं' या शब्दाची.

त्या काळात अपडेट यायचं फ्लॉपीवर. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर, रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले, आणि धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस साफ करणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं. फ्लॉपी मिळाली की घाला, नाही मिळाली तर देवाच्या हवाली. पण भांडण नव्हतं.

भांडण सुरू झालं ते अपडेट इंटरनेटवरून यायला लागल्यावर. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आधी मोठ्या शहरांत. आपल्याकडे पोचलं तेव्हाही डायल-अपच. म्हणजे कॉम्प्युटर नेटवर गेला की ऑफिसचा फोन एंगेज! आता तांदळाच्या धंद्यात भाव फोनवर ठरतात. आम्ही एक राइस मिल पाहिली आहे, नाव घेत नाही. तिथे मुनीमजी म्हणायचे, "ताई, तुमचं ते अँटीव्हायरस बंद करा, रायपूरचा फोन यायचाय." आणि ऑपरेटर ताई म्हणायच्या, "मुनीमजी, मागच्या महिन्यात फाइल उडाली तेव्हा मलाच बोललात ना?" दोघंही बरोबर होते. आम्हाला हे भांडण क्षुल्लक वाटत नाही, कारण काही बिघडलं की बोलणी कोणाला खावी लागतात, हा प्रश्न त्यात पहिल्यापासून आहे.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि हळूहळू फोनचा तंटा मिटला. मग दुसरा निघाला: अपडेट सुरू झालं की टॅली अडकतं. मग काय, वायर काढून ठेवायची!

२०१७ साली दोन्ही पक्षांना पुरावे मिळाले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' आला आणि दीडशेच्या आसपास देशांत फाइली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच निघालेलं होतं. झाला ना ताईंचा विजय? पण थांबा. जूनच्या २७ तारखेला 'नॉटपेट्या' सुटला, आणि त्याचा उगम होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अधिकृत अपडेट! मर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा बसल्या, आणि आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीत, त्याच समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. म्हणजे मुनीमजींची शंकाही खुळी नव्हती.

याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सुरक्षेचं सॉफ्टवेअर आता नुसतं आणत नाही, ते पाठवतंही. संशयास्पद फाइल दिसली की कंपनीकडे रवाना. अमेरिकेने २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांतून कॅस्परस्की काढायला लावलं. एका अमेरिकी कॉम्प्युटरवरची गुप्त सामग्री आपल्या प्रोग्रामने ओढून घेतली होती, हे त्या कंपनीनेच पुढे सांगितलं. ती लगेच पुसून टाकली, असंही तिचं म्हणणं.

इथून हा वाद मालक-नोकराचा होतो. २०२१ मध्ये हरियाणातल्या आशाताईंना कामाच्या मोबाईलवर 'एमडीएम ३६० शील्ड' नावाचं अ‍ॅप घ्यायला सांगितलं. नाव ढालीचं, पण ताईंचा आक्षेप असा की आपण कुठे आहोत हे त्यातून वर कळतं आणि फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो. त्यांनी विरोध केला, आंदोलन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. त्यांची तक्रार वेगळी होती: फोन तापतात, मेमरी पुरत नाही, पोषण ट्रॅकर इंग्रजीत. पण मूळ एकच. यंत्र मला दिलं, जबाबदारी माझी, आणि त्यात काय चालतं ते ठरवणार दुसराच कोणी.

आणि मग १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं. ७८ मिनिटांत ते मागे घेतलं, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. यात व्हायरस नव्हताच! रखवालदारच दारात आडवा झाला होता.

त्या राइस मिलमध्ये दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी पेपर आणून ताईंच्या टेबलावर ठेवला. ताईंनी वाचला, घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे आता बंद करू का?" बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ठरलं ते असं: अपडेट जेवणाच्या सुट्टीत, आधी एकाच मशीनवर, बाकीच्यांवर दुसऱ्या दिवशी. दर शनिवारी हिशेबाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि डिस्क कपाटात. कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी, यावर अजून एकमत झालेलं नाही.