भूमिकाबदल (दूरचित्रवाणी मालिकांतील)

चालू मालिकेतील पात्र कायम ठेवून ते साकारणारा कलाकार बदलण्याची प्रथा. आजारपण, करार, मानधन ही नेहमीची कारणे. अमेरिकी ‘बिविच्ड’मध्ये पाठदुखीमुळे डिक यॉर्क बाहेर पडल्यावर १९६९ पासून डॅरिनची भूमिका डिक सार्जंटने केली, कथेत खुलासा नव्हता. ब्रिटिश ‘डॉक्टर हू’ने (आरंभ १९६३) १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आणताना बदल कथानकातच बसविला : ‘डॉक्टर’ या नायकाचे शरीर व स्वभाव पालटतो, स्मृती उरते [→ विज्ञानकथा]. त्यामुळे चाहत्यांचा वाद नटापुरता न राहता पात्राच्या सातत्याचा झाला. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांची पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून निवड झाल्यावर तो विशेष तीव्र झाला. हिंदी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’त (२०००–०८) मृत दाखविलेला नायक मिहिर प्रेक्षकांच्या आग्रहामुळे परतला, पुढे अमर उपाध्याय यांच्यानंतर ती भूमिका इंदर कुमार व रोनित रॉय यांनी केली [→ दूरचित्रवाणी].