खेळून पोट भरतं का?

स्मरणिका समितीचा निरोप आला तोवर सहली, स्नेहसंमेलनं, डबे आणि सरांच्या छड्या हे सगळे विषय बाकीच्यांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला इतिहास उरला. शाळेचा इतिहास आपल्या निवृत्त बाईंनी याच अंकात माझ्यापेक्षा फार चांगला लिहिला आहे, म्हणून मी मैदानाचा इतिहास घेतला. तोही विजयांचा आणि ढालींचा नाही. आपल्यापैकी जो जो मुलगा दप्तर टाकून ग्राऊंडवर पळाला त्याला घरी विचारला गेलेला प्रश्न वर मथळ्यात दिला आहे. सांगलीत मी शिकलो, नोकरीची बरीच वर्षं साताऱ्यात काढली. हा प्रश्न कृष्णेच्या वरच्या अंगालाही तोच आणि खालच्या अंगालाही तोच. त्याला आपल्या भागातल्या माणसांनी वेळोवेळी काय उत्तर दिलं, ते पाहू.

सुरुवात सांगलीच्या विजय हजारे यांच्यापासून करावी लागते. जन्म 11 मार्च 1915. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. मास्तरांच्या पगारात आठ मुलांचं कसं भागत असेल, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. अशा घरातल्या मुलाला त्या काळी क्रिकेट खेळत राहायचं तर एकच दार होतं, ते म्हणजे संस्थानिकाचं. राजेसाहेबांना संघ हवा असे, खेळाडूला पगार हवा असे. नोकरी कागदोपत्री काहीही असो, खरं काम खेळायचं. संस्थानिकांच्या या हौसेमुळेच ऑस्ट्रेलियाचा मोठा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचं मार्गदर्शन हजाऱ्यांना मिळालं. हजाऱ्यांची उभं राहण्याची ढब विचित्र होती, बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी दिसे. कोणत्याही पुस्तकी प्रशिक्षकाने ती पहिल्या दिवशी मोडून काढली असती. ग्रिमेटने सांगितलं, हिला हात लावू नकोस. शिक्षकाने काय शिकवलं याइतकंच त्याने काय शिकवायचं टाळलं हेही महत्त्वाचं असतं. आपल्या एक-दोन सरांबद्दल मी हे खात्रीने सांगू शकतो.

पुढचे आकडे क्रिकेटवेड्यांना पाठ आहेत, तरी एकदा लिहितो. 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीयाचं हे पहिलं त्रिशतक. 1943-44 ला मुंबईच्या पंचरंगी सामन्यात 'द रेस्ट' संघाकडून हिंदू संघाविरुद्ध 309, आणि संघाची एकूण धावसंख्या 387. त्या डावात भाऊ विवेक यांच्याबरोबर 300 धावांची भागीदारी झाली, तीत विवेकचा वाटा 21. हा एकवीसचा आकडा मला नेहमी 309 पेक्षा अधिक आवडत आला आहे. समोर भाऊ तीनशेकडे निघालेला असताना शांतपणे एक टोक धरून उभं राहणं ही साधी गोष्ट नाही.

1940 च्या दशकात हजारे बडोदा संस्थानच्या आश्रयाला होते. 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद 319 आणि हजारे 288, भागीदारी 577 धावांची. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर एकाच कसोटीत 116 आणि 145. पण त्याच काळात ज्या दारावर या सगळ्याचा आधार होता ते दार बंद होत होतं. सांगली संस्थान मार्च 1948 मध्ये विलीन झालं, बडोदा मे 1949 मध्ये. संस्थानं गेली याचं दुःख करायचं कारण नाही. मात्र राजाश्रयावर उभा असलेला खेळाडू आता उघड्यावर आला, हेही खरं. क्रिकेट मंडळ खेळाडूला पगार देत नव्हतं. कसोटी खेळणं हा मान होता, आणि मानाने किराणा येत नाही.

त्याच 1949 च्या उन्हाळ्यात हजारे इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते.

ही लीग काय होती ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. मँचेस्टरच्या उत्तरेला कापड गिरण्यांची लहान लहान गावं आहेत. इचलकरंजीचे यंत्रमाग डोंगराच्या खोऱ्यात नेऊन ठेवा आणि वर सतत पाऊस पडू द्या, म्हणजे साधारण कल्पना येईल. प्रत्येक गावाचा क्लब. आठवडाभर गिरणीत, दुकानात, शाळेत काम करणारी माणसं शनिवारी दुपारी पांढरे कपडे घालून उतरत. नियम असा की संघात दहा जण हौशी आणि पैसे घेऊन खेळणारा एकच. त्या एकाला सगळं गाव 'प्रो' म्हणे. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नेल्सन क्लबचा प्रो होता आणि त्याला पाहायला गावंच्या गावं लोटत. प्रोने अर्धशतक काढलं की मैदानात टोपी फिरे आणि प्रेक्षक तीत नाणी टाकत. करारातल्या पैशांवर ही वरकमाई. उलटही तितकंच खरं: प्रो शून्यावर बाद झाला की सोमवारी पावाच्या दुकानातही त्याला जाब द्यावा लागे. शिवाय आठवड्याच्या संध्याकाळी क्लबच्या पोरांना शिकवण्याचं काम असायचं ते वेगळंच.

एक गंमत पाहा. 1948-49 च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. एव्हर्टन वीक्सने आपल्या गोलंदाजांना झोडपून लागोपाठ शतकं काढली. हजाऱ्यांनी मुंबईच्या दोन्ही कसोट्यांत शतक केलं आणि शेवटच्या कसोटीत भारत विजयापासून सहा धावा दूर राहिला. काही महिन्यांनी वीक्स बॅकप क्लबचा प्रो झाला. बॅकप आणि रॉटनस्टॉल ही एकाच खोऱ्यातली शेजारची गावं. बार्बाडोसचा वीक्स आणि सांगलीचे हजारे, दोघेही गिरणी कामगारांच्या टाळ्यांवर आणि नाण्यांवर. पुढे हजारे रॉयटन क्लबकडूनही खेळले. विनू मंकड, दत्तू फडकर, सुभाष गुप्ते हेही त्या गावांमधून खेळून आले. आपल्या कसोटी संघातला मोठा भाग त्या वर्षांत उन्हाळी रोजगाराला तिकडे जाई असं म्हटलं तरी चालेल.

या रोजगाराचा आणि देशाच्या संघाचा सांधा कसा करकरत होता, ते 1952 ला दिसलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला होता. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा मंडळाने मंकडना निवडीची हमी दिली नाही. मंकडनी हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सला दुसऱ्या डावात भारताच्या शून्य धावा आणि चार गडी बाद. त्या अवस्थेत कर्णधार हजारे मैदानात आले आणि 56 धावा करून गेले. मग धावपळ करून क्लबकडून मंकडना मागून घेतलं गेलं, आणि लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 काढल्या. सामना आपण हरलोच. पण देशाचा सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू एका गिरणीगावाच्या क्लबकडून उसना घ्यावा लागला, ही गोष्ट मला त्या दौऱ्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा बोलकी वाटते.

त्याच उन्हाळ्यात, लीड्सनंतर दीड महिन्याने, सातारा जिल्ह्यातला एक तरुण हेलसिंकीत मॅटवर उभा होता. खाशाबा जाधव, गाव गोळेश्वर, कराडला लागून. कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. म्हणजे यांची वाट संस्थानच्या संघातून आली नाही, ती कॉलेजातून आली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग खाशाबांनी कुस्त्या लढून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

हे शेवटचं वाक्य शाळेतल्या धड्यांत सहसा नसतं. ऑलिंपिक हे हौशी खेळाडूंचं, पैसा घेतला की बाद, असा तेव्हाचा दंडक. मातीतल्या कुस्तीत मात्र इनाम उघड होतं. खरं तर आपल्या भागाची व्यावसायिक लीग कोणती असेल तर ती यात्रांचा हंगाम. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून सांगलीकडच्या गावजत्रांपर्यंत मैदानं ठरलेली, जोडी ठरलेली, इनाम जाहीर. पैलवान एका गावचं मैदान मारून दुसऱ्या गावाकडे निघायचा. फेटा, नारळ आणि लोकांनी आखाड्यातच हातावर ठेवलेल्या नोटा. लँकेशायरची ती फिरती टोपी आपल्याला अपरिचित नव्हती. याच मातीतून कवठेपिरानचे मारुती माने 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत गेले. पण खुराकाचा खर्च काढला तर इनामात शिल्लक काय राहायची, हे तालमीत राहिलेल्या कुणालाही विचारा. खाशाबा 1955 ला पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खेळाने नोकरी मिळवून दिली, आणि पोट नोकरीने भरलं.

आपल्या पिढीपर्यंत हेच सूत्र चाललं. कबड्डीपटू असेल तर रेल्वे, पोलीस किंवा एखादी बँक. तिथे चिकटला की घरचे निश्चिंत. आपल्या तुकडीतला कव्हर पॉइंटला उभा राहणारा मित्र सगळ्यांना आठवत असेल. नाव लिहीत नाही, तोही संमेलनाला येणार आहे. चेंडू त्याच्या डावी-उजवीकडून गेलेला मी पाहिला नाही. कॉलेजात गेल्यावर तो शिवाजी विद्यापीठाच्या संघाच्या निवडीपर्यंत पोचला. त्यापुढे पायरीच नव्हती. सुट्टीत वडिलांबरोबर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जायला लागला आणि पुढच्या जूनमध्ये कॉलेजला परत आला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या एका वर्गमित्राने मागे सांगितलं की तिकडे बेसबॉलमध्ये नेमक्या अशा चपळ मुलांना, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपला, कॉलेजच्या मैदानावरच हेरतात. 1965 पासून तिथे दरवर्षी रीतसर ड्राफ्ट होतो. क्लब पाळीपाळीने मुलं निवडतात, मग छोट्या गावांतल्या मायनर लीगमध्ये बसने प्रवास करत, तुटपुंज्या पैशांवर ती काही वर्षं घासली जातात. बहुतेक तिथूनच परत फिरतात. पण जिना असतो. वर चढता आलं नाही हे कळायलासुद्धा जिना लागतो.

आपल्याकडे तो जिना बांधला गेला तो आपण पन्नाशीकडे झुकल्यावर. 2008 ला आयपीएल, 2014 ला प्रो कबड्डी. सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून चढाया करू लागला तेव्हा वाळव्याकडची माणसं टीव्हीसमोर रात्री उशिरापर्यंत बसत. आणि मग माधवनगरची स्मृती मानधना. हिच्यावर आता इतकं छापून येतं की मी मोजकंच लिहितो. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात, सोळाव्या वर्षी भारतीय संघात, ऑक्टोबर 2013 मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध 150 चेंडूंत नाबाद 224. शिक्षण सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयात. 2016 ला ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीट संघाने तिच्याशी करार केला. तिथल्या महिला लीगमध्ये करार मिळालेल्या पहिल्या दोन भारतीयांपैकी ती एक. 13 फेब्रुवारी 2023 रोजी महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिलं नाव तिचंच पुकारलं गेलं आणि बंगळुरूने 3 कोटी 40 लाखांना तिला घेतलं. त्या संध्याकाळी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला संदेश त्या कव्हर पॉइंटवाल्याचा होता. त्याने फक्त आकडा लिहिला होता, पुढे काही नाही.

यातली एक गोष्ट मात्र वर्तमानपत्रांनी पुरेशी मांडली नाही. ऑगस्ट 2018 मध्ये स्मृती इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून खेळत होती आणि मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तिने लँकेशायर थंडर संघाविरुद्ध शतक ठोकलं. रॉयटन तिथून मोटारीने अर्ध्या तासाच्या आसपास, रॉटनस्टॉल त्याहून थोडं पुढे. सांगलीच्या मास्तरांचा मुलगा ज्या मुलखात टोपी फिरवून मिळालेल्या नाण्यांवर खेळला, तिथेच सत्तर वर्षांनी सांगलीची मुलगी करारावर खेळत होती.

आपल्या तुकडीतले दोघं सध्या मँचेस्टरकडे असतात, असं समितीच्या यादीवरून दिसतं. त्यांना एक विनंती. रॉटनस्टॉल क्लबचं मैदान अजून बॅकप रोडवर आहे. एखाद्या शनिवारी दुपारी, पाऊस नसेल तर, जाऊन यावं. तिथे कुणी म्हातारं माणूस भेटलं तर 1949 च्या प्रोबद्दल विचारावं, आणि जे काही हाती लागेल ते पुढच्या स्मरणिकेसाठी पाठवावं. फोटो चालेल, पण तारीख लिहून.