श्वासाची रसद

भारत आणि सिंहल यांच्यामधील मनारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्यांचा हंगाम भरे, त्या काळी इंग्रज सरकारच्या खर्चाने तेथे एक मांत्रिक पोसला जात असे. मुशी माशांची तोंडे मंत्राने बांधून ठेवणे हे त्याचे काम. त्याने विधी उरकल्याशिवाय पाणबुडे पाण्यात उतरत नसत आणि पाणबुडे न उतरले तर महसूल बुडत असे. तेव्हा मंत्रावर काडीचा विश्वास नसलेल्या अधिकाऱ्यांनीही त्याच्या वेतनाची तरतूद निमूटपणे चालू ठेवली. खर्चाच्या बाबींवर शेरे मारण्यात ज्यांची हयात चालली आहे अशा आपणां वाचकांस या तरतुदीचे हसू येईल. परंतु त्या अधिकाऱ्यांस एक गोष्ट पक्की उमगली होती असे म्हणावे लागते. बुडी मारणारा माणूस एकटा बुडी मारीत नाही. पायाशी बांधलेला दगड, तो वर ओढणारा होडीवरचा सोबती, होडी, तांडेल, हवामान आणि मनाचा धीर, इतक्यांची जुळणी झाली म्हणजे मग एका श्वासापुरता तो तळ गाठतो.

मराठी वाचकास रसद या शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको. पानिपतची हकीकत वाचताना भाऊसाहेबांच्या तोफांपेक्षा तुटलेली रसदच आपल्या मनाला अधिक सलते. पाण्याखालील संचाराचा इतिहास मात्र अद्याप शोधकर्त्यांच्या नावांनी सांगितला जातो. त्यातील रसदीचे प्रकरण कोणी फारसे उघडीत नाही. आज सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर शेकडो नवख्या माणसांना दररोज समुद्राखाली नेऊन आणणारा जो स्कुबा-शिक्षक आहे, त्याचा इतिहास लिहावयाचा तर तो या प्रकरणापासूनच लिहावा लागेल.

गेल्या शतकातील पहिली काही दशके पाणबुड्या म्हणजे पितळी शिरस्त्राण घातलेला माणूस असे समीकरण होते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिराने १८३० नंतरच्या दशकात हा पोशाख सिद्ध केला. खाली एक माणूस आणि वर पंपाचे दांडे फिरविणारी माणसे, अशी ती व्यवस्था होती. वरच्या माणसांचे हात थांबले की खालच्याचा श्वास थांबला. १९४३ साली जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी पाठीवर वाहून नेण्याचे श्वसनयंत्र तयार केले आणि पाणबुड्या त्या दोरीपासून सुटला. या शोधातील मौजेची गोष्ट अशी की, गान्यानची मूळ झडप समुद्रासाठी नव्हतीच. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठी तो तिच्यावर काम करीत होता. जमिनीवरची एक रसद तुटली म्हणून समुद्रातली दुसरी जुळली.

पण सुटका झाली ती केवळ दोरीपासून. पंपावरचे हात तेवढे दृष्टिआड झाले; ते आता किनाऱ्यावरच्या कॉम्प्रेसरपाशी जाऊन बसले आहेत. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबाने हवा भरली म्हणजे चोवीसशे लिटर हवा मावते. या हवेचे वजन तीन किलोंच्या आतबाहेर भरते आणि ती वाहणारी टाकी मात्र पंधरा किलोंच्या घरात जाते. (आपल्या कचेऱ्यांतील मजकूर आणि फायली यांचे प्रमाणही काहीसे असेच असावे.) माणूस पाण्यावर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर दहा मीटरांवर दाब दुप्पट झाल्यामुळे तीच गरज चाळीस लिटरांवर जाते, नवखा, घाबरलेला माणूस याहून कितीतरी अधिक ओढतो. भीतीलाही हवा लागते, आणि शिक्षकाला तिचाही हिशेब धरावा लागतो.

आपल्या देशात ही विद्या दीर्घकाळ नौदलाच्या आणि मोजक्या संशोधनसंस्थांच्या हाती होती. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८० नंतर सागरी पुरातत्त्वाचे काम हाती घेतले आणि लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात शोध सुरू झाला. कोरड्या मातीत कुदळ चालविणाऱ्या विद्वानांना आधी पाणबुडे व्हावे लागले. द्वारकेच्या वास्तूंचा काळ कोणता यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या विद्वानांना पाण्यात उतरावयास कोणी शिकविले याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

मालवणची गोष्ट याहून निराळी आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. बुडालेल्या खडकांमधून बेटाकडे जाणारी वाट तेथल्या कोळ्यांनी दाखविली असे परंपरा सांगते. ज्या खडकांनी शत्रूची गलबते अडविली त्यांवरच प्रवाळ आणि रंगीत मासे नांदतात. १९८७ साली या परिसराचे सागरी अभयारण्य घोषित झाले. पुढे २०१० नंतरच्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साह्य आणि सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुळकर्णी यांचे मार्गदर्शन लाभून, येथील मच्छीमार तरुणांना स्कुबाचे रीतसर शिक्षण मिळू लागले, आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था तारकर्लीस उभी राहिली. पाण्याची वाट स्थानिकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच. हवा तेवढी बाहेरून आणावी लागली.

ही हवा आणणे सोपे नाही. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड त्याच्याच इंजिनाच्या धुरापासून दूर आणि वाऱ्याच्या बाजूस ठेवावे लागते. एरवी धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत शिरतो आणि त्याला ना रंग ना वास. किनाऱ्याची दमट हवा गाळण्या लवकर खराब करते. खाऱ्या पाण्यातून आलेले प्रत्येक साधन गोड्या पाण्याने धुतले नाही तर झडपांत मीठ साचते. गिऱ्हाइकांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, आणि कोकणात विहिरी तळाला जातात त्याही याच महिन्यांत. समुद्राच्या काठी धंदा करणाऱ्याला चिंता पडते ती गोड्या पाण्याची.

टाकी तर कायद्याच्या दृष्टीने साधी वस्तूच नव्हे. १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली झालेले गॅस सिलिंडर नियम तिला लागू होतात. ठराविक मुदतीने तिची जलदाब चाचणी करून घ्यावी लागते आणि तिच्या अंगावर चाचणीची तारीख ठोकलेली असावी लागते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आहे आपल्या नागपुरात, समुद्रापासून शेकडो कोस दूर. मालवणच्या पाण्याखाली कोणी सुखरूप श्वास घेतो त्यात नागपूरच्या एखाद्या टेबलावरच्या शिक्क्याचाही वाटा असतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना बरे वाटेल. भरलेली टाकी रेल्वेच्या डब्यात सामान म्हणून नेता येत नाही. विमानात न्यावयाची तर ती रिकामी आणि झडप उघडलेली असावी लागते. सारांश, कोकण रेल्वे झाली, चिपीचा विमानतळ झाला, तरी हवा अजून टेंपोनेच हिंडते.

याउपर निसर्गाचे वेळापत्रक आहे. सकाळी मतलई वारे असतात तोवर समुद्र बहुधा निवांत असतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी उसळू लागते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरकस असतो आणि गाळ उठून पाणी धूसर होते. भांगाच्या दिवसांत ते त्या मानाने निवळते. पर्यटक मात्र तिथी पाहून येत नाही, तो शनिवार-रविवार पाहून येतो. पंचांग आणि दिनदर्शिका यांच्या ओढाताणीत शिक्षकाचा दिवस सापडतो, आणि निवळ पाण्याच्या तीन-चार तासांत होतील तितक्या बुड्या बसवाव्या लागतात. प्रत्येक बुडीत शिष्य नवा असतो. शिक्षक तोच असतो. त्याच्या रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनची बाकी मागल्या पानावरून पुढल्या पानावर ओढली जाते. १९०८ साली जे. एस. हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून जी कोष्टके ब्रिटिश नौदलासाठी तयार केली, ती याच बाकीची. खोली फार नसल्यामुळे ही बाकी बहुधा थोडी राहते; तरी दिवसभर वरखाली करणाऱ्याच्या कानांचे हाल चुकत नाहीत.

शिकवावयाचे तरी किती वेळात? उथळ पाण्यातील थोडक्या मिनिटांत. श्वास कधीही रोखू नये, हा पहिला धडा. कारण पाच-सहा मीटरांवरून श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावून प्राणावर बेतू शकते. दुसरा धडा खुणांचा. आपण अंगठा वर करतो तो 'छान चालले आहे' म्हणून. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. खुशीत आलेल्या पाहुण्याने अंगठा दाखवावा आणि शिक्षकाने नियमाप्रमाणे त्याला वर आणावे, असे प्रसंग घडण्याजोगेच आहेत. तोंडात नळी धरलेल्याला खुलासा विचारता येत नाही.

मात्र सर्वांत मोठा धोका पाण्याखाली नसतो, ही गोष्ट मालवणच्या किनाऱ्याने फार मोठी किंमत देऊन पाहिली. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपण्याच्या तोंडावर, स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाण्याखाली जाऊन आलेली माणसे किनारा दिसत असताना बुडाली. होडीत किती माणसे बसवावीत, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे की नाही, आजचा समुद्र माघारी फिरावे असा आहे काय, हे प्रश्न स्कुबाच्या पाठ्यपुस्तकात शेवटच्या पानांवर असतील. किनाऱ्यावर ते पहिले प्रश्न आहेत. हंगामाच्या अखेरीस पाहुणे रांगेत उभे असता आणि पुढचे तीन महिने कमाई नाही हे दिसत असता 'आज होडी जाणार नाही' असे म्हणावयास जे धैर्य लागते, त्याची परीक्षा कोणती संस्था घेणार?

अपघात झालाच तर पुढची रसद वैद्यकाची. दाब देऊन उपचार करण्याचा कक्ष लागतो. तो नौदलाच्या मुंबईतील अश्विनी रुग्णालयात आहे आणि मालवणपासून मुंबई रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. कोल्हापूरकडे धाव घ्यावी तर मध्ये घाट. आंबोलीची उंची सातशे मीटरांच्या आसपास, आणि उंचीवर हवेचा दाब घटला की शरीरातील बुडबुडे वाढतात. म्हणून विमानात बसण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास थांबावे असा संकेत आहे. सकाळी बुडी मारून सायंकाळी घाट चढणाऱ्या पाहुण्यांस ही गोष्ट सांगणेही शिक्षकाच्याच गळ्यात येते. एल. टी. सी.वर अंदमानला जाऊन आलेले आपले कितीतरी सहकारी स्कुबाची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने दाखवितात. परतीच्या विमानाची वेळ पाहून त्यांची बुडी आदल्या दिवशी उरकून घेणाऱ्या शिक्षकाचा चेहरा त्या छायाचित्रांत सहसा नसतो.

हे सारे वाचून आपल्या रायपूरकरांपैकी कोणास वाटेल की, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना आम्हांस हा उपद्व्याप कशाला? पण पाण्याचा हिशेब समुद्राशी संपत नाही. धमतरीजवळ महानदीवर गंगरेलचे विस्तीर्ण धरण आहे. त्याची पाणपातळी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांच्या जवळ जाते. आणि तीनशे मीटरांच्या वर पाण्यात उतरणे हे पाणबुडीविद्येत उंचीवरचे बुडणे समजतात. तेथे मालवणची कोष्टके जशीच्या तशी चालत नाहीत. हवेचा दाब मुळातच कमी असल्याने तीच खोली शरीराला अधिक भारी पडते. उद्या कोणी रायपुरात ही विद्या शिकवू म्हणेल, तर त्याला टाक्या दूरवरून आणाव्या लागतील, गाळाच्या पाण्यात हातभरही दिसत नाही हे गृहीत धरावे लागेल, आणि कोष्टक नवे मांडावे लागेल. बुढा तलावाच्या काठी वाढलेल्या मुलांना पोहणे येते एवढ्या भांडवलावर ते होणार नाही.

मालवणास मेच्या अखेरीस प्रशासनाचा आदेश निघतो आणि जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात. होड्या वर ओढल्या जातात, त्यांवर झापे चढतात. टाक्या चाचणीला पाठवावयाच्या, रबरी नळ्या तपासावयाच्या, गाळण्या बदलावयाच्या, कर्जाचे हप्ते मात्र भरीत राहावयाचे. काही शिक्षक शेताकडे वळतात, काही जण नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जाळ्यावर जातात. सप्टेंबर उजाडला तरी नद्यांचा गढूळ लोंढा ओसरलेला नसतो. तेव्हा पहिली बुडी शिक्षक पाहुण्याविना मारतो: खाली नांगराचा दोर पावसाळ्यात टिकला आहे काय, आणि खडकाजवळ हात पुढे केला तर दिसतो काय, हे पाहून येण्यासाठी.